मधुमेहाची सेवा, संशोधन आणि नेतृत्व : पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचा वस्तुपाठ

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित व्याख्यानाचा लिखित मजकूर)

 

कोणत्याही सार्वजनिक संस्थेच्या जीवनात पन्नास वर्षांचा टप्पा हा जसा आनंदाचा, तसाच आत्मपरीक्षणाचाही असतो. किती वास्तू उभारल्या, किती शिबिरे भरवली, किती रुग्णांना चष्मे आणि औषधे दिली, हा हिशेब मांडणे सोपे असते. त्या सेवेमुळे किती कुटुंबांचे पुढील आयुष्य पालटले, हे सांगणे मात्र अवघड असते. कारण त्यासाठी मदत देऊन झाल्यावर पुन्हा त्याच दारी जावे लागते आणि ‘पुढे काय झाले?’ असे विचारावे लागते. मधुमेहासारख्या आयुष्यभर सोबत करणाऱ्या व्याधीच्या बाबतीत तर याखेरीज सेवा पूर्णच होत नाही. मधुमेहाचे एखादे सेवा आणि संशोधन केंद्र कसे घडते, त्याला कोणत्या प्रकारचे नेतृत्व लागते आणि तेथील तज्ज्ञ नेमके काय करतात, याचा विचार आज करावयाचा आहे. त्यासाठी परदेशाकडे पाहण्याचे कारण नाही. पुण्याच्या रास्ता पेठेतील के. ई. एम. रुग्णालय आणि त्याच्या संशोधन केंद्रातील मधुमेह विभाग हे जवळचे आणि जगन्मान्य उदाहरण आहे.

व्याधीचा विस्तार

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. प्रौढांमध्ये हे प्रमाण ११.४ टक्के भरते. याशिवाय १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. म्हणजे त्यांची साखर प्रमाणाबाहेर आहे, पण रोगाच्या व्याख्येत बसण्याइतकी वाढलेली नाही. या पाहणीची धुरा चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन यांच्या संशोधन संस्थेने वाहिली होती.

त्याच चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासाने आशेचीही बाजू दाखवली. उंबरठ्यावर असलेल्या ५३१ व्यक्तींवर तीन वर्षे लक्ष ठेवण्यात आले. ज्यांना नेहमीचाच सल्ला मिळाला, त्यांच्यापैकी ५५ टक्के लोकांना मधुमेह जडला. ज्यांच्या आहारात आणि चालण्या-फिरण्यात नियमित मार्गदर्शनाने सुधारणा घडवली, त्यांच्यात हे प्रमाण ३९.३ टक्क्यांवर आले. औषधाविना, केवळ जीवनशैलीच्या शिस्तीने एवढे साधले. परंतु ती शिस्त एका भाषणाने आलेली नव्हती. वारंवार भेटून, विचारपूस करून ती अंगी बाणवावी लागली.

रुग्णालयाच्या भिंतीबाहेर पाहणारे नेतृत्व

पुण्याचे के. ई. एम. रुग्णालय १९१२ सालचे. मुंबईच्या परळ येथील महापालिकेच्या त्याच नावाच्या रुग्णालयाशी त्याची गल्लत होऊ नये. हे रुग्णालय धर्मादाय स्वरूपाचे असून समाजातील दातृत्वावर वाढलेले आहे. १९४४ मध्ये डॉ. बानू कोयाजी (१९१७–२००४) येथे दाखल झाल्या, तेव्हा ते चाळीस खाटांचे प्रसूतिगृह होते. त्यांच्या दीर्घ कारकिर्दीत ते पाचशेहून अधिक खाटांचे सर्वसाधारण रुग्णालय झाले. पण खाटांची ही वाढ म्हणजे त्यांच्या नेतृत्वाचे सार नव्हे.

स्त्रीरोगतज्ज्ञ या नात्याने त्यांना दिसत होते की, खेड्यातून बैलगाडीने किंवा एस.टी.ने आलेली अडलेली बाई रुग्णालयापर्यंत पोहोचते, तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. दुखणे दारात येण्याची वाट पाहत बसण्यापेक्षा दवाखान्यानेच गावाकडे जावे, हा विचार त्यांनी धरला. १९७० च्या दशकात छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधिस्थळामुळे परिचित असलेल्या वढू बुद्रुकच्या परिसरात त्यांनी ग्रामीण आरोग्याचे काम उभे केले. गावातीलच स्त्री-पुरुषांना प्रशिक्षण देऊन आरोग्यरक्षक बनवले. १९७२ मध्ये रुग्णालयाला जोडून संशोधन केंद्रही स्थापन झाले. या कार्याबद्दल त्यांना १९८९ मध्ये पद्मभूषण आणि १९९३ मध्ये रेमन मॅगसेसे पुरस्काराने गौरवण्यात आले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. डॉ. कोयाजी मधुमेहाच्या तज्ज्ञ नव्हत्या. तरीही पुढे मधुमेहावर जे मोलाचे संशोधन येथे झाले, त्याची जमीन त्यांच्या काळात तयार झाली होती. गावोगावी जाणारी माणसे, घरोघरचा विश्वास आणि नोंदी ठेवण्याची सवय या तीन गोष्टी पैशाने विकत मिळत नाहीत. स्वतःच्या विषयापलीकडच्या कामासाठी जागा करून ठेवणे, हे थोर नेतृत्वाचे पहिले लक्षण होय.

पाठ्यपुस्तकाला प्रश्न विचारणारा वैद्य

या भूमीवर डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी मधुमेह विभागाचे काम उभारले. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण आणि त्यानंतर ऑक्सफर्ड येथे संशोधन करून ते पुण्यास परतले. त्या काळी पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांत प्रौढपणीचा मधुमेह म्हणजे स्थूल आणि उतारवयातील माणसाचा रोग, असे चित्र रंगवलेले असे. पुण्यातील रुग्ण मात्र त्या चित्रात बसत नव्हते. ते वयाने तरुण होते आणि वजनकाट्यावर सडपातळ. अशा वेळी बहुतेक जण पुस्तक खरे मानून रुग्णाला अपवाद ठरवतात. डॉ. याज्ञिक यांनी रुग्ण खरा मानला आणि पुस्तकाला प्रश्न विचारला.

इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथे डॉ. डेव्हिड बार्कर हे त्याच सुमारास एक नवा विचार मांडत होते. जन्मतः कमी वजन असलेल्या बालकांना पुढे मोठेपणी हृदयरोग आणि मधुमेह अधिक प्रमाणात होतो, असे त्यांचे निरीक्षण होते. भारतात तर कमी वजनाची बालके मोठ्या संख्येने जन्मतात. डॉ. आनंद पंडित यांच्यासारखे बालरोगतज्ज्ञ के. ई. एम. मध्येच होते आणि तेथे जन्मलेल्या मुलांच्या वजनाच्या नोंदी उपलब्ध होत्या. त्या मुलांना चौथ्या वर्षी पुन्हा बोलावून, ग्लुकोजचे पाणी पाजून त्यांचे रक्त तपासण्यात आले. १९९५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला : जन्मतः वजन जितके कमी, तितके चौथ्या वर्षी रक्तातील साखरेचे आणि इन्शुलिनचे प्रमाण जास्त. चाळिशीत प्रकट होणाऱ्या रोगाची पावले चार वर्षांच्या बालकात उमटलेली दिसली.

सहा गावे आणि आठशे माता

मग प्रश्न उरला तो मातेच्या उदराचा. १९९३ मध्ये पुण्याजवळील सहा गावांत ‘पुणे मातृ-पोषण अभ्यास’ सुरू झाला. दुष्काळप्रवण भागातील ही शेतकरी कुटुंबे. विवाहित स्त्रियांच्या घरी दरमहा जाऊन मासिक पाळीची तारीख लिहून घ्यावयाची, पाळी चुकली की गर्भारपणाची तपासणी करावयाची, त्या बाईने दिवसभरात काय खाल्ले, किती कष्ट उपसले हे टिपावयाचे आणि प्रसूत झाल्यावर बाळाची मोजमापे घ्यावयाची, असे या कामाचे स्वरूप होते. सुमारे आठशे गर्भवती स्त्रिया अभ्यासात सहभागी झाल्या. त्यांचे गर्भारपणाआधीचे सरासरी वजन बेचाळीस किलोच्या आसपास होते.

या अभ्यासातून तीन गोष्टी हाती आल्या. पहिली गोष्ट अशी की, पुण्याच्या बाळाचे सरासरी वजन २.७ किलो, तर साउदॅम्प्टनच्या बाळाचे ३.५ किलो भरले. पण पुण्याच्या बाळाच्या त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने कमी झालेली नव्हती. कमतरता होती ती स्नायूंची आणि पोटातील अवयवांची. ‘बारीक, तरीही चरबीयुक्त’ असे हे भारतीय बालक २००३ मध्ये जगापुढे मांडले गेले.

दुसरी गोष्ट पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेतील डॉ. शोभा राव यांच्या २००१ च्या निबंधातून पुढे आली. मातेच्या आहारात एकूण उष्मांक किती, यापेक्षा दूध, हिरव्या पालेभाज्या आणि फळे किती, यावर बाळाची वाढ अधिक अवलंबून दिसली.

तिसरी गोष्ट कष्टांची. शेतात आणि घरात ज्या गर्भवतीला अधिक राबावे लागले, तिचे बाळ लहान भरले. सुनेच्या पानात काय वाढले जाते आणि तिच्या डोक्यावर किती हंडे चढतात, हा पुढील पिढीच्या मधुमेहाशीही निगडित प्रश्न आहे, हे यातून सूचित झाले.

स्वतःच्या देहाची साक्ष

२००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात एक छायाचित्र प्रसिद्ध झाले. लंडनचे डॉ. जॉन युडकिन आणि पुण्याचे डॉ. याज्ञिक शेजारी शेजारी उभे. दोघांचा उंचीच्या प्रमाणातील वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. पाहणाऱ्याला दोघेही सडपातळ वाटावेत. पण शरीरातील चरबी मोजली असता युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के निघाली. वजनाचा काटा भारतीय माणसाची फसवणूक करतो, हे सत्य यापेक्षा थोडक्यात सांगता आले नसते. रोगाविषयीचे अप्रिय सत्य इतरांच्या देहावर दाखवण्याऐवजी स्वतःच्या देहावर दाखवण्याचे धैर्य, हे नेतृत्वाचे दुसरे लक्षण होय. ‘मी बारीक आहे, मला साखरेची तपासणी कशाला?’ असे म्हणणाऱ्या प्रत्येकाने हे छायाचित्र स्मरणात ठेवावे.

शाकाहार आणि बी-१२

या केंद्राच्या संशोधनाचा जो भाग जैन समाजाला सर्वांत निकटचा आहे, तो बी-१२ जीवनसत्त्वाविषयीचा. हे जीवनसत्त्व वनस्पतीही तयार करत नाहीत आणि प्राणीही नाहीत. ते तयार करतात सूक्ष्म जिवाणू. धान्य, कडधान्य, भाजी, फळे यांतून ते मिळत नाही. शाकाहारी माणसाला ते दूध, दही, ताक यांतून मिळते. रक्त तयार होण्यासाठी आणि मज्जातंतूंच्या आरोग्यासाठी ते अत्यावश्यक आहे.

२००१ मध्ये डॉ. हेल्गा रेफ्सम आणि डॉ. याज्ञिक यांच्या चमूने पुण्यातील स्त्री-पुरुषांच्या रक्ताची तपासणी प्रसिद्ध केली. सुमारे पाऊणशे टक्के व्यक्तींमध्ये या जीवनसत्त्वाच्या कमतरतेच्या खुणा आढळल्या. त्याच निबंधात एक महत्त्वाची पुस्तीही आहे : केवळ शाकाहारामुळे या कमतरतेचा पूर्ण उलगडा होत नाही. २००६ मध्ये ४४१ पुरुषांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांतील शहरी मध्यमवर्गीयांपैकी ८१ टक्के लोकांत बी-१२ कमी होते. हे झोपडीतले किंवा दुष्काळी शिवारातले नव्हते, ते सुखवस्तू घरातले होते.

सहा गावांतील गर्भवतींपैकीही दोन तृतीयांश स्त्रियांत बी-१२ कमी होते. फोलेटची कमतरता मात्र जवळजवळ कोणातच नव्हती. त्यांची मुले सहा वर्षांची झाल्यावर तपासली गेली आणि २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ज्या मातांच्या रक्तात फोलेट भरपूर आणि बी-१२ कमी होते, त्यांच्या मुलांचे शरीर इन्शुलिनला सर्वांत कमी दाद देत होते. इन्शुलिनला दाद न देणे ही मधुमेहाकडे जाणारी वाट आहे.

याचा अर्थ नीट समजून घ्यावा. गरोदर स्त्रीला दिल्या जाणाऱ्या लोह आणि फॉलिक आम्लाच्या गोळ्या बंद कराव्यात, असा याचा अर्थ नाही. त्यांनी अनेक अनर्थ टळतात. त्यांच्या जोडीला बी-१२ कडेही पाहावे, असा आहे. शाकाहार दोषी आहे, असाही याचा अर्थ नाही. अहिंसेचे व्रत हे जैन कुटुंबाचे भूषण आहे आणि ते सोडण्याची गरज कोणत्याही संशोधनाने निर्माण केलेली नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला दिवसाला या जीवनसत्त्वाचे केवळ २.२ मायक्रोग्रॅम लागतात. पुण्यातच झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात, रोज दूध घेतल्याने तरुण शाकाहारी व्यक्तींच्या रक्तातील बी-१२ सुधारल्याचे दिसले. जे दूधही वर्ज्य करतात, त्यांनी गोळीच्या रूपाने ते घेणे अनिवार्य आहे. ही गोळी जिवाणूंच्या किण्वनातून तयार होते, त्यासाठी मांस लागत नाही. कॅप्सूलचे आवरण मात्र अनेकदा प्राणिज जिलेटिनचे असते. म्हणून औषधविक्रेत्याकडे जिलेटिनविरहित साधी गोळी मागावी. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांमध्येही बी-१२ उतरते. तेव्हा शाकाहारी आणि मेटफॉर्मिन घेणारा, अशा दुहेरी स्थितीतील रुग्णाने पायांतील मुंग्या केवळ वयाच्या माथी मारू नयेत, तपासणी करून घ्यावी.

अठरा वर्षांनंतर

एवढ्यावर थांबले असते तर ते केवळ चांगले संशोधन ठरले असते. पण ती मुले बाराव्या वर्षी आणि पुन्हा अठराव्या वर्षी तपासली गेली. अठराव्या वर्षी तपासलेल्या ६१९ तरुण-तरुणींपैकी ३७ टक्के मुलगे आणि १८ टक्के मुली साखरेच्या बाबतीत प्रमाणाबाहेर आढळल्या. त्यांतील ४८ टक्के मुले वजनाने कमी होती. २०२१ मध्ये हे आकडे प्रसिद्ध झाले, तेव्हा मधुमेह हा लठ्ठ श्रीमंतांचा रोग आहे ही समजूत टिकण्याजोगी राहिली नाही.

त्याआधी, २०१२ मध्ये, केंद्राने आणखी एक पाऊल उचलले होते. ज्यांच्या माता १९९३ पासून सहभागी होत्या, ती मुले किशोरवयात आली होती आणि उद्या स्वतः माता-पिता होणार होती. त्यांना गर्भधारणेच्या आधीपासूनच रोज २ मायक्रोग्रॅम बी-१२ देण्याचा प्रयोग सुरू झाला. पुढे त्यांच्या बाळांच्या नाळेतील रक्तात बी-१२ चे प्रमाण वाढलेले आढळले. या अत्यल्प मात्रेचा लाभ मधुमेह टाळण्यात कितपत होतो, हे ती बाळे मोठी झाल्यावरच कळेल. तिसऱ्या पिढीच्या उत्तराची वाट पाहण्याची तयारी ठेवून प्रश्न विचारणे, हे नेतृत्वाचे तिसरे लक्षण होय.

तज्ज्ञ कोणाला म्हणावे?

या सर्व कामात तज्ज्ञ कोण होते? मधुमेहतज्ज्ञ होते, बालरोगतज्ज्ञ आणि प्रसूतितज्ज्ञ होते, आहारशास्त्रज्ञ, संख्याशास्त्रज्ञ आणि जीवरसायनशास्त्रज्ञ होते. साउदॅम्प्टनच्या डॉ. कॅरोलिन फॉल यांच्यासारख्या परदेशी सहकारीही होत्या. परंतु तितक्याच तज्ज्ञ होत्या त्या गावातील आरोग्यसेविका, ज्यांना कोणत्या घरी सासूसमोर प्रश्न विचारावा आणि कोणत्या घरी विहिरीवर गाठून विचारावा, हे कळत होते. त्यांनी लिहिलेली पाळीची तारीख चुकली असती, तर प्रयोगशाळेतील महागडे यंत्रही निरुपयोगी ठरले असते.

जैन दर्शनाने जगाला अनेकान्ताची दृष्टी दिली. वस्तू अनेक धर्मांनी युक्त असते आणि एका बाजूने पाहणाऱ्याला तिचे एकदेशीय ज्ञान होते, हे प्रत्येक श्रावकाने लहानपणापासून ऐकलेले असते. मधुमेहालाही हेच लागू आहे. वैद्याला तो रक्तातील साखर दिसतो, आहारतज्ज्ञाला ताटात दिसतो, प्रसूतितज्ज्ञाला उदरात दिसतो, सेविकेला घरातील कामाच्या वाटणीत दिसतो. या सर्व दृष्टी एका टेबलाभोवती बसवणे आणि कोणतीही एक दृष्टी इतरांवर लादली जाऊ न देणे, हे मधुमेह केंद्राच्या प्रमुखाचे मुख्य कर्तव्य होय. अनेकान्त व्याख्यानात सांगणे सुलभ आहे. रुग्णालयाच्या बैठकीत आचरणे कठीण.

समाजापुढील कर्तव्य

आता या वस्तुपाठातून समाजाने आणि ट्रस्टने काय घ्यावे?

पहिली गोष्ट तपाविषयी. शास्त्रात बाह्य तपाचे सहा प्रकार सांगितले आहेत. त्यांत अनशन आहे, तशीच ऊणोदरी म्हणजे भुकेपेक्षा कमी जेवणे आहे, वृत्तिसंक्षेप आहे आणि रसत्यागही आहे. समाज अनशनाचा गौरव मिरवणुकीने करतो. ऊणोदरीचा गौरव कोणी करत नाही. अठ्ठाईच्या पारण्याला आणि स्वामिवात्सल्याला जे ताट वाढले जाते, त्यात किती मिठाई, किती मैदा आणि किती तळलेले असते, हे सर्वांना ठाऊक आहे. मधुमेहाच्या दृष्टीने वर्षातील आठ दिवसांच्या उपवासापेक्षा उरलेल्या दिवसांची ऊणोदरी अधिक फलदायी आहे.

ज्यांना मधुमेह आहे, त्यांनी पर्युषण किंवा दशलक्षण पर्वापूर्वी वैद्यांना अवश्य भेटावे. इन्शुलिन किंवा साखर वेगाने उतरवणारी गोळी नेहमीच्या मात्रेत घेऊन उपवास केल्यास साखर ७० च्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, गोंधळ, बेशुद्धी ही त्याची लक्षणे. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या नव्या गोळ्या घेणाऱ्याने पाणीही वर्ज्य असलेला चौविहार उपवास केला, तर शरीर कोरडे पडून रक्त आम्लधर्मी होण्याचा धोका असतो. उलट, परस्पर औषध सोडून देणेही तितकेच घातक आहे. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यांनी आपल्या भोजनाची वेळ वैद्यांना स्पष्ट सांगावी. कारण संध्याकाळच्या औषधाची मात्रा रात्री उशिरा जेवणाऱ्यांच्या हिशेबाने लिहिलेली असू शकते. प्रत्याख्यानातही असह्य व्याधीच्या प्रसंगी समाधी टिकावी म्हणून आगार ठेवलेले आहेत. त्यांचा आधार कधी घ्यावा, हे गुरुमहाराज आणि वैद्य दोघांनाही विचारावे. देह टिकला तरच साधना टिकते.

दुसरी गोष्ट घरातील सुनांविषयी आणि लेकींविषयी. अनेक घरांत तिथीला हिरवी भाजी आणि चातुर्मासात पालेभाजी वर्ज्य असते. नियम ज्याचा त्याने पाळावा. परंतु गर्भवती आणि विवाहयोग्य मुलींच्या ताटातून जे वजा होते, त्याची भरपाई दूध, दही, फळे, डाळी आणि गरजेप्रमाणे गोळ्यांनी होते की नाही, हे पाहणे घरातील वडीलधाऱ्यांचे काम आहे. या मुलींच्या रक्तातील बी-१२ आणि हिमोग्लोबिनची तपासणी विवाहापूर्वीच व्हावी. हे जन्माला येणाऱ्या बाळाच्या पन्नाशीसाठी केलेले दान आहे.

तिसरी गोष्ट ट्रस्टच्या कार्यपद्धतीविषयी. एका रविवारी मधुमेह तपासणी शिबिर भरते, शेकडो लोक बोटातून रक्त देतात, कागदावर आकडा घेऊन घरी जातात आणि शिबिराचा अहवाल छापला जातो. ज्याची साखर वाढलेली निघाली, तो पुढे वैद्यांकडे गेला का, त्याचे औषध चालू आहे का, त्याचे डोळे, पाय आणि मूत्रपिंड तपासले गेले का, हे कोणी विचारत नाही. पाच शिबिरांऐवजी एक शिबिर भरवावे आणि उरलेल्या साधनांतून दोन सेविका नेमाव्यात. शिबिरात सापडलेल्या प्रत्येक कुटुंबाची नोंदवही ठेवावी आणि दर तीन महिन्यांनी त्याच घरी जावे. जात आणि पंथ न पाहता वस्तीतील सर्वांसाठी हे खुले असावे. भोजनशाळेत आठवड्याचे किमान काही दिवस मधुमेही व्यक्तीला निःशंकपणे जेवता येईल असे ताट असावे. हे काम दिखाऊ नाही. याचा फलक लागत नाही, उद्घाटन होत नाही. पण पंचवीस वर्षांनी ती नोंदवही उघडली जाईल, तेव्हा ती कोणत्याही इमारतीपेक्षा अधिक बोलेल.

के. ई. एम. च्या उदाहरणाने हेच शिकवले आहे की, मधुमेहावर मात करणारे केंद्र यंत्रांनी किंवा नामांकित तज्ज्ञांच्या पाट्यांनी घडत नाही. ते घडते रुग्णावर विश्वास ठेवणाऱ्या, स्वतःला तपासून पाहणाऱ्या आणि पिढ्यान्पिढ्या एकाच दारी पुन्हा जाणाऱ्या माणसांमुळे. ट्रस्टच्या पहिल्या पन्नास वर्षांत समाजाने दातृत्व दाखवले. पुढील पन्नास वर्षांत त्या दातृत्वाला सातत्याची जोड मिळो आणि शंभराव्या वर्षीच्या स्मरणिकेत देणगीदारांच्या यादीबरोबरच, मधुमेहापासून वाचलेल्या कुटुंबांचा हिशेबही छापला जावो, हीच शुभकामना.

जय जिनेंद्र.